तळं वाचवायचंय ना, मग पाऊस पडताना रस्त्यावर उतरा

तळं घाण झालं की सगळ्यात आधी काठावरचा कचरा उचलायची मोहीम निघते. चांगलंच आहे ते, प्लास्टिक उचललंच पाहिजे, पण तळं हिरवं पडतं, मासे उलटे होऊन तरंगतात, वास सुटतो, ते काही काठावरच्या बाटल्यांमुळे होत नाही. ती घाण वरून येते, पावसाच्या पाण्याबरोबर, छपरावरून, पार्किंगमधून, रस्त्यावरून, बागेतून वाहत वाहत गटाराच्या जाळीत आणि तिथून पाइपातून थेट तळ्यात. तळ्यापर्यंत पोचायच्या आधी हे पाणी जिथे जिथे अडवता येतं त्यातल्या बऱ्याचशा जागा आपल्याच हातात आहेत आणि नेमकं तिकडेच कुणी बघत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका. बऱ्याच जणांना वाटतं की रस्त्याच्या कडेच्या जाळीत गेलेलं पाणी पुढे कुठेतरी शुद्ध होतं. बहुतेक ठिकाणी तसं काही होत नाही. संडास-बाथरूमच्या सांडपाण्याची लाइन वेगळी आणि पावसाळी गटार वेगळं, आणि या पावसाळी गटाराच्या वाटेत शुद्धीकरण केंद्र वगैरे काही नसतं, जे जाळीत पडलं ते तळ्यात गेलं. काही जुन्या शहरांत दोन्ही पाणी एकाच लाइनीतून जातं आणि तिथे तर अजूनच वाईट, कारण जोराचा पाऊस आला की लाइन भरते आणि मैला मिसळलेलं पाणी ओसंडून नदीत नाहीतर तळ्यात जातं.

या पाण्यात असतं काय? माती, गाड्यांचं ठिबकलेलं ऑइल, ब्रेक झिजून पडलेली तांब्याची पूड, टायरची भुकटी, खत, कुत्र्यांची विष्ठा, पालापाचोळा. नुसतं टायरचं घ्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोहो सॅमन मासे पाऊस झाला की अंडी घालायच्या आधीच ओढ्यांमध्ये मरायचे आणि कित्येक वर्षं कारण सापडत नव्हतं, शेवटी २०२० मध्ये संशोधकांनी शोधून काढलं की टायर टिकावा म्हणून रबरात जे रसायन घालतात त्याचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन नावाचं विष तयार होतं आणि ते पावसाबरोबर ओढ्यात जातं.

पण तळ्याच्या बाबतीत सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे फॉस्फरस. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये लेक २२६ नावाच्या तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले, एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, दुसऱ्या भागात तेच दोन्ही आणि वर फॉस्फरस. फॉस्फरस टाकलेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. तळ्यातलं शेवाळ नेमकं कशामुळे वाढतं या वादावर एवढ्या एका प्रयोगाने बराचसा पडदा पडला. हा फॉस्फरस खतात असतो, विष्ठेत असतो, सडलेल्या पानांत असतो आणि मातीच्या बारीक कणांना चिकटून येतो, त्यामुळे गढूळ पाणी बघून 'जाऊ दे, मातीच तर आहे' असं म्हणू नका. एक किलो फॉस्फरसवर शेकडो किलो ओलं शेवाळ वाढू शकतं, मग ते शेवाळ मरतं, तळाशी जाऊन कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मासे गुदमरतात. आणि काही निळं-हिरवं शेवाळ विषारीही असतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं, कारण त्यांचं पाणी ईरी सरोवरातून येतं आणि तिथल्या शेवाळाचं विष पाण्यात उतरलं होतं. उकळूनही उपयोग नव्हता, उकळलं की पाणी आटतं आणि विष उलट दाट होतं. शेतातून वाहून आलेला फॉस्फरस हे त्याचं मुख्य कारण होतं.

पहिलं काम: पावसात फिरा

काहीही विकत घ्यायच्या आधी, मीटिंग बोलवायच्याही आधी, पाऊस पडत असताना छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठून कुठे जातंय ते बघा. शक्यतो बरेच कोरडे दिवस गेल्यानंतरचा पहिला पाऊस गाठा, कारण इतक्या दिवसांत रस्त्यावर जे काही साठलेलं असतं ते त्या पावसाच्या पहिल्या लोंढ्यातच बरंचसं धुऊन जातं. तळ्यापासून सुरुवात करा, पाणी कुठल्या पाइपातून, कुठल्या ओघळीतून आत येतंय ते शोधा आणि तिथून उलट्या दिशेने वर चढत जा. साधा नकाशा कागदावर काढा, बाण काढा, जाळ्या मांडा. खोल वाहत्या पाण्यात उतरू नका, चेंबरची झाकणं उघडू नका, एवढी काळजी घ्या.

बरोबर तीन काचेच्या बरण्या न्या, हातमोजे घाला. एकाच जाळीपाशी वाहतं पाणी भरायचं, पहिली बरणी पाणी वाहायला लागलं की लगेच, दुसरी साधारण अर्ध्या तासाने, तिसरी पाऊस ओसरताना. प्रत्येकीवर वेळ लिहा आणि रात्रभर न हलवता ठेवा. पहिलीतलं पाणी बहुतेक वेळा काळपट असतं, वर तेलाचा तवंग, तळाशी करड्या-काळ्या गाळाचा थर. वाळू बघता बघता खाली बसते, त्याहून बारीक पोयट्याला काही तास लागतात, पण चिकणमातीचे कण दुसऱ्या दिवशीसुद्धा पाण्यात तसेच तरंगत असतात आणि तळ्याला गढूळ ठेवतात ते हेच, फॉस्फरसही यांच्याच अंगाला जास्त चिकटलेला असतो. तिन्ही बरण्या सारख्याच तांबूस गढूळ दिसल्या तर वर कुठेतरी उघडी माती आहे असं समजा, बांधकाम असेल, खणलेला रस्ता असेल, गवत गेलेला उतार असेल. या तीन बरण्या लोकांसमोर मांडल्या ना, की अर्ध्या तासाच्या भाषणाचं काम होतं.

तवंगाचं एक लक्षात ठेवा. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा पापुद्रा दिसला तर काडीने ढवळून बघा, काचेसारखे तुकडे होऊन ते तसेच वेगवेगळे राहिले तर तो लोह खाणाऱ्या जिवाणूंचा नैसर्गिक थर असतो, आणि लगेच परत जुळून आला तर तेल. उगाच चुकीची तक्रार करून बसायला नको.

आणि एक चक्कर कोरड्या दिवसांत मारा. सलग तीन दिवस पाऊस नाही आणि तरीही पावसाळी गटाराच्या पाइपातून पाणी येतंय, तर ते आलं कुठून? कधी भूजलाचा पाझर असतो किंवा पाण्याची लाइन फुटलेली असते, पण करडं पाणी, फेस, साबणाचा किंवा मैल्याचा वास असेल तर कुणीतरी सांडपाण्याची लाइन पावसाळी गटाराला जोडलेली आहे. मी तर म्हणेन अशी एक चुकीची जोडणी शोधून काढली तर तेवढ्यानेसुद्धा तळ्यावर खूप मोठा उपकार होतो. फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, स्वतः पाइपात काही टाकून तपासायला जाऊ नका, ते काम महापालिकेच्या माणसांचं आहे.

घरापुरतं: पाणी हळू करा, पसरवा, मुरवा

छपराचं पाणी पन्हळीतून पाइपात, पाइपातून फरशीवर, फरशीवरून रस्त्यावर, असं सरळ जात असेल तर ती साखळी कुठेतरी तोडायची. सगळ्यात सोपं म्हणजे पाइपाचं तोंड फरशीकडून गवताकडे किंवा झाडांकडे वळवा, घराच्या पायापासून लांब, आणि पाणी पडतं तिथे चार दगड मांडा म्हणजे खड्डा पडणार नाही. पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर जात नाही ना तेही बघा.

जागा असेल तर रेन गार्डन करा, म्हणजे एक उथळ खोलगट वाफा जिथे पाणी थोडा वेळ थांबून जमिनीत मुरतं. हिशोब सोपा आहे, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. समजा छपराच्या ५० चौरस मीटर भागाचं पाणी एका पाइपातून येतं आणि २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर झालं १२५० लिटर. वाफा १५ सेंटिमीटर खोल केला तर एका चौरस मीटरमध्ये १५० लिटर मावतं, म्हणजे साधारण सव्वाआठ चौरस मीटरचा वाफा हे सगळं पोटात घेतो. एवढी जागा नसेल तर लहान करा, पहिला घाणेरडा लोंढा अडला तरी बरंच काम होतं.

जागा ठरवायच्या आधी जमीन पाणी पिते का ते बघा. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग परत भरा आणि तासाला पाणी किती खाली जातंय ते पट्टीने मोजा. तासाला सव्वा सेंटिमीटर किंवा जास्त उतरत असेल तर उत्तम, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच उभं असेल तर ती जागा सोडा, दुसरीकडे बघा. घराच्या पायापासून निदान ३ मीटर लांब, सेप्टिक टँकवर नको, मोठ्या झाडाच्या मुळांवर नको, फार तीव्र उतारावर नको. खणलेली माती उतराच्या खालच्या बाजूला लावून छोटा बांध करा, तळ मात्र सपाट ठेवा, नाहीतर सगळं पाणी एका कोपऱ्यात साचतं आणि तिथली झाडं सडतात. बांधात एका जागी थोडा खोलगट भाग ठेवून तिथे दगड लावा म्हणजे फार मोठ्या पावसात जास्तीचं पाणी तिथूनच शिस्तीत बाहेर पडेल. झाडं अशी निवडा जी दोन दिवस पाण्यात उभी राहतील आणि महिनाभर कोरडंही सोसतील, आपल्या भागात आपोआप येणारी खोल मुळांची गवतं आणि झुडपं याला सगळ्यात बरी. या वाफ्यात खत अजिबात टाकू नका, नाहीतर ज्याच्यासाठी केलं त्याच्याच उलट होईल.

डासांची भीती सगळ्यांनाच वाटते. डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा लागतो आणि नीट केलेल्या रेन गार्डनमधलं पाणी दोन दिवसांत मुरतं, त्यामुळे तिथे डास होत नाहीत. पिंपात पाणी साठवत असाल तर मात्र त्याला बारीक जाळी पाहिजेच, आणि पुढचा पाऊस यायच्या आधी पिंप रिकामं पाहिजे, भरलेलं पिंप नवीन पाणी अडवणार कसं?

नवीन फरशी टाकणार असाल तर थांबा आणि खडी, मधे फटी असलेले ब्लॉक किंवा गवत उगवणारे ब्लॉक चालतील का बघा. गाडीच्या दोन चाकांपुरत्या दोन पट्ट्या आणि मधे गवत, एवढ्यानेही बरंच पाणी मुरतं.

पाण्यात घाण जाऊच नये म्हणून

खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात, त्यातला मधला फॉस्फरसचा. माती तपासून घ्या, जमिनीत आधीच पुरेसा फॉस्फरस असेल तर मधला आकडा शून्य असलेलं खत घ्या. मोठा पाऊस येणार असं दिसत असेल त्या दिवशी खत टाकू नका आणि फरशीवर सांडलेले दाणे झाडून परत गवतात टाका, पाण्याने धुऊ नका. 'पाण्याने धुऊ नका' हे खरं तर सगळ्यालाच लागू आहे. ऑइल सांडलं तर त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाका, शोषून घेऊ द्या, मग झाडून भरा आणि ती वाळू घातक कचरा घेतात तिथे द्या. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला परत द्या. रंगाचा ब्रश जाळीपाशी धुऊ नका. गाडी घरी धुवायची तर गवतावर किंवा खडीवर लावून धुवा आणि बादलीतलं उरलेलं पाणी संडासात ओता. साबणावर बायोडिग्रेडेबल लिहिलंय म्हणून जाळीत सोडलं तर चालतं असं नाही, कुजायला वेळ लागतो आणि तोवर ते पाणी माशांपर्यंत पोचलेलं असतं. कुत्र्याची विष्ठा उचला, प्रत्येक वेळी, पावसात जिरून जाईल म्हणून सोडू नका, ती जिरत नाही, वाहते.

पानांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण हे बहुतेकांना पटतच नाही. पान तर नैसर्गिक, त्यानं काय होतंय? जंगलात पान पडतं ते मातीत कुजतं, पण रस्त्यावर पडलेलं पान ओलं झालं की चहाच्या पुडीसारखा अर्क सोडतं आणि त्या अर्कात फॉस्फरस असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने हे मोजलं, पानगळीच्या दिवसांत पाऊस यायच्या आधी रस्त्यावरची पानं वेळच्या वेळी उचलली तेव्हा वाहून जाणारा फॉस्फरस तब्बल ८४ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे एक झाडू आणि हवामानाचा अंदाज, एवढंच भांडवल. पानं जाळू नका, राखेतही फॉस्फरस उरतोच. कंपोस्ट करा, पण ढीग उतारावर किंवा गटाराशेजारी नको.

बांधकाम चालू असेल तर मातीचे ढीग झाका, आणि उताराच्या खालच्या बाजूला गाळ अडवणारं कापड उभं करा. हे कापड बऱ्याच ठिकाणी नुसतं खुंट्यांना बांधून लोंबकळत ठेवलेलं दिसतं, त्याच्या खालून पाणी आरामात निघून जातं, ते निदान १५ सेंटिमीटर चरात गाडून माती ठोकून बसवावं लागतं. ट्रक बाहेर पडतात तिथे जाड खडी अंथरायला लावा म्हणजे टायरला लागलेला चिखल रस्त्यावर येत नाही.

तळ्याचा काठ

इथे माझं मत जरा कडक आहे. सुशोभीकरण म्हणून तळ्याभोवती काँक्रीटची भिंत, कडेपर्यंत फरशी आणि मधे कारंजं, हे तळ्यासाठी चांगलं नाही. काठावरचं उंच गवत, लव्हाळे, झुडपं ही तळ्याची चाळणी आहे, वाहत येणारं पाणी तिथे मंद होतं आणि गाळ बसतो. निदान १० मीटरचा पट्टा न कापता ठेवा, जमेल तिथे जास्त. पाण्यापर्यंत जायला एक-दोन वाटा ठेवा, बाकी वाढू द्या, लोक म्हणतील झाडी माजलीय, तर 'हा पट्टा मुद्दाम राखलेला आहे' अशी पाटी लावा. पक्ष्यांना आणि माशांना खाऊ घालणंही थांबवा, टाकलेलं अन्न आणि त्यांची विष्ठा दोन्ही शेवटी तळ्याला खतच.

जिथे पाइप तळ्यात उघडतो तिथे आधी गाळ बसायला एक छोटा हौद असला तर जड गाळ तिथेच अडतो. पण तो वेळोवेळी उपसला नाही तर भरतो आणि पुढच्या पावसात तोच गाळ उचलला जाऊन तळ्यात जातो. उपसलेला गाळ काठावरच टाकून ठेवलेला दिसला तर लगेच बोला, कारण पहिल्याच पावसात तो परत आत.

कारंजी, हवा सोडणारी यंत्रं, जिवाणूंच्या पावडरी यांच्यावर पैसे घालायचा आग्रह कुणी केला तर आधी विचारा की वरून येणारं पाणी अडवायचं काय केलं. हवेने माशांना तात्पुरता आधार मिळतो, ते खरं आहे, पण रोज नवीन फॉस्फरस येतच राहणार असेल तर ते कधीच पुरं पडत नाही.

मोजा, मग मागा

पाणी किती नितळ आहे ते मोजायची पद्धत १८६५ पासून चालत आलीय, अँजेलो सेकी नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाची. २० सेंटिमीटरची गोल तबकडी घ्या, तिचे चार भाग करून काळा-पांढरा असा आलटून पालटून रंग द्या, खाली वजन बांधा, दोरीला दर १० सेंटिमीटरवर खूण करा. दुपारी, होडीच्या सावलीच्या बाजूने, लाइफ जॅकेट घालून, तबकडी हळूहळू सोडा, दिसेनाशी होते तिथली खोली लिहा, मग वर ओढताना परत दिसते तिथली लिहा आणि दोन्हीची सरासरी काढा. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी. शेजारी पावसाची नोंद ठेवली की दोन-तीन पावसाळ्यांत चित्र आपोआप दिसायला लागतं. पाण्यावर हिरव्या रंगासारखा थर आला असेल तर त्या दिवशी पाण्यात हात घालू नका, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा.

लगेच फरक दिसला नाही तर खचून जाऊ नका. तळाच्या गाळात आधीच साठलेला फॉस्फरस, तळाशी ऑक्सिजन संपला की परत पाण्यात सुटतो, त्यामुळे उथळ तळ्यांना सावरायला वर्षं लागतात. पण तळी सावरतात. सिअॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये सोडलं जाणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं आणि पुढच्या काही वर्षांतच ते मोठं सरोवर पुन्हा नितळ झालं.

हे आकडे, फोटो आणि हाताने काढलेला नकाशा घेऊन महापालिकेत जा. 'तळं स्वच्छ करा' असा मोघम अर्ज देऊ नका, त्याला मोघमच उत्तर येतं. नेमकं मागा, तळ्यात किती पाइप उघडतात आणि कुठल्या भागाचं पाणी आणतात त्याचा नकाशा द्या, अमुक जाळीत पाऊस नसताना फेसाचं पाणी येतं त्याची तपासणी करा, रस्ते पहिल्या पावसाच्या आधी झाडा, गाळाचा हौद कधी उपसणार ती तारीख सांगा. जाळ्यांशेजारी 'हे पाणी थेट तळ्यात जातं' असं रंगवायची परवानगी त्याच अर्जात मागून घ्या, हे काम मुलं फार आवडीने करतात आणि ज्याने स्वतः ते अक्षर रंगवलंय त्याच्या घरातून त्या जाळीत परत काही टाकलं जात नाही. अर्जाची पोच घ्या, नंबर लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी त्याच टेबलापाशी परत जाऊन विचारा.